तुम्ही विचारलंत म्हणून : चुकीचा उभा केलेला डायनोसॉर तसाच का ठेवतात?

शाळांमध्ये जीवाश्मांबद्दल बोलायला जाते, तेव्हा कार्यक्रम आटोपल्यावर कुणीतरी आई किंवा शिक्षक हमखास थांबतात. "मॅडम, तुम्ही आत्ता सांगितलंत की डायनोसॉर शेपूट जमिनीवर फरफटत चालत नव्हते. मग संग्रहालयात अजून तसलेच सांगाडे कसे? चूक कळूनही दुरुस्त करत नाहीत, म्हणजे मुलांना चुकीचंच शिकवायचं का?" प्रश्न रास्त आहे. पण बस पकडायच्या घाईत त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझी मुलगी ब्रसेल्सला असते. तिच्याकडे गेले की तिथल्या नैसर्गिक विज्ञान संग्रहालयात मी एक दिवस काढतेच. तिथे काचेच्या भल्यामोठ्या दालनात इग्वानोडॉन नावाच्या डायनोसॉरचे सांगाडे उभे आहेत. खरी हाडं, काळपट तपकिरी, वर जुन्या लाखेची चमक. सगळे कांगारूसारखे ताठ, मागच्या दोन पायांवर उभे, शेपूट वाकवून जमिनीला टेकवलेली. आज कुणीही अभ्यासक हा प्राणी असा उभा करणार नाही.

हे सांगाडे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळसा खाणीत, ३२२ मीटर खोलीवर सापडले. माझे वडील चंद्रपूरकडच्या खाणीत होते. पहिल्या पाळीला निघालेला माणूस घरी परत येईपर्यंत घराचं लक्ष कशातच नसतं, हे मी बघितलंय. त्यामुळे तिथे गेले की मला आधी ते कामगारच दिसतात. कोळशाऐवजी हाताला काहीतरी वेगळं लागलं, त्यात पिवळं चमकत होतं, आणि त्यांना ते सोन्याने भरलेलं लाकूड वाटलं. ती हाडं होती. चमकत होतं ते लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट. हे पायराइट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पहिला सांगाडा उभा राहिला १८८२ मध्ये. तो उभा करणाऱ्या लुई दोलो या जीवाश्म-अभ्यासकाच्या हाताशी काय होतं, ते बघायला हवं. त्याच्याआधी लोकांच्या डोळ्यांसमोर इग्वानोडॉन होता तो लंडनजवळच्या सिडनहॅमच्या बागेतला पुतळा, १८५४ चा. बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने रिचर्ड ओवेन या शरीररचनेच्या अभ्यासकाच्या सल्ल्याने केलेला, चार पायांवर चालणारा, गेंड्यासारखा जाडजूड, आणि नाकावर शिंग. कारण त्या वेळी हाडं मिळाली होती ती सुटी सुटी, आणि एक टोकदार हाड कुठे बसवायचं हे कळेना म्हणून ते नाकावर गेलं. दोलोला मात्र अख्खे सांगाडे मिळाले. ते टोकदार हाड प्रत्येक प्राण्यात दोन दोन, दोन्ही हातांना एकेक. म्हणजे तो अंगठा होता! पुढचे पाय मागच्यांपेक्षा आखूड. मग त्याने तो प्राणी दोन पायांवर उभा केला, आणि तसं करताना एमू हा शहामृगासारखा पक्षी आणि वॉलबी म्हणजे लहान कांगारू, यांचे सांगाडे नमुन्याला घेतले.

म्हणजे आपण ज्याला चुकीचा सांगाडा म्हणतो, तो एका मोठ्या चुकीची दुरुस्ती होता. शिंग नाकावरून अंगठ्यावर आलं ते या हाडांमुळे. वॉलबी समोर ठेवून काम केल्यामुळे शेपूट मात्र वॉलबीची बसली.

ही दुसरी चूक कशी कळली? मागच्या वेळी गेले तेव्हा मी बराच वेळ काचेला नाक लावून उभी होते. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बारीक काड्यांसारखं काहीतरी तिरकं तिरकं गेलेलं असतं, बाजेच्या विणीसारखी जाळी. त्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. या प्राण्यात त्या हाडासारख्या कडक झाल्या होत्या. असा कणा आणि अशी शेपूट धनुष्यासारखी वाकत नाही. डेव्हिड नॉर्मन या अभ्यासकाने १९८० मध्ये या सांगाड्यांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं, की शेपूट अशी टेकवायची तर ती मोडावीच लागेल. ती मागे सरळ राहायची, अंग आडवं असायचं आणि प्राणी बराचसा चार पायांवर चालायचा.

आता बघा, दोलोच्या मांडणीविरुद्धचा पुरावा दोलोनेच उभ्या केलेल्या हाडांवर होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शंभर वर्षं. ती हाडं कुणी जपलीच नसती, तर चूक काढायला हाती काय राहिलं असतं?

मग चूक कळल्यावर ते सोडवून पुन्हा नीट का बसवत नाहीत? इथे ते पायराइट येतं. ते हाडांच्या आत भरलेलं आहे. दमट हवा लागली की ते गंजतं, फुगतं आणि हाड आतून फोडतं. काही ठिकाणी नुसती भुकटी उरते. म्हणून १९३० च्या दशकात सगळे सांगाडे सुटे करून लाख आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने पक्के केले, काचेआड ठेवले. त्यांना लोखंडी आधारावरून पुन्हा उतरवायचं म्हणजे मोडण्याचा धोका पत्करायचा. शेपूट सरळ दिसावी म्हणून शेपटीचा चुरा करायचा? मला ते पटत नाही.

सगळीकडे हेच उत्तर लागू पडत नाही, हेही सांगते. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात १९१५ मध्ये उभा केलेला टायरॅनोसॉरस असाच ताठ, शेपूट टेकलेला होता. तो त्यांनी उतरवला आणि १९९५ पासून तो आडवा, शेपूट हवेत ठेवून उभा आहे. हाड ते सोसू शकत होतं, त्यांनी केलं, उत्तम केलं. लंडनचा प्रसिद्ध डिप्लोडोकस, लांब मानेचा डायनोसॉर, तर हाडांचा नव्हेच, प्लास्टरची प्रतिकृती. त्याची शेपूट १९९३ मध्ये उचलली. तिथे जपायचं होतं ते लोकांचं प्रेम, आणि ते शेपूट उचलल्याने कमी झालं नाही.

माझा राग आहे तो पाटीवर. आपल्याकडच्या एका शहरातल्या बागेत सिमेंटचा टायरॅनोसॉरस आहे. कुठल्या शहरात ते लिहीत नाही. मी पाहिलं तेव्हा हिरवा रंग नुकताच मारला होता. टेकलेल्या शेपटीवरून मुलं घसरगुंडी खेळतात, त्यामुळे तिचा पाठीकडचा भाग गुळगुळीत झालाय आणि रंग तिथेच आधी उडतो. हा पुतळा केला, तेव्हा ताठ उभा टायरॅनोसॉरस चुकीचा आहे हे जगभर माहीत होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. पाटीवर नाव, लांबी, वजन, 'मांसाहारी', आणि झाडाला हात न लावण्याची सूचना. कधी केला, कशावरून केला, काही नाही. यात ना जपण्यासारखं हाड, ना विज्ञानाच्या इतिहासातला एखादा टप्पा. तो बदलावा, आणि पैसे नसतील तर पाटी तरी बदलावी, असं मी तिथल्या लोकांना दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. मी परत लिहिणार आहे.

कारण पाटीला फार काही लागत नाही. हा सांगाडा अमुक साली असा उभा केला. तेव्हा असं वाटलं, ते यामुळे. आता असं वाटतं, ते यामुळे. तीन ओळी. सातवीतल्या मुलाला त्या पुरतात, आणि त्यानंतर ते मूल सांगाड्याकडे ज्या नजरेने बघतं ती नजर मी प्रत्यक्ष पाहिलीये. ते वाकतं, काचेजवळ जातं, शेपटीचे मणके बघू लागतं.

आमच्या जिल्ह्याचंच घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला १९८० च्या दशकात एका लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी नाव दिलं. २००३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तो वेगळाच प्राणी असल्याचं दाखवलं, आणि त्याचं नाव आयसीसॉरस झालं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या ISI या आद्याक्षरांवरून, कारण अभ्यास तिथल्या लोकांनी केला. म्हणजे १९९७ नंतर कुणी हौसेने पाटी लिहिली असेल, तर ती सहा वर्षांत जुनी झाली. आणि या सांगाड्याचं डोकं मिळालेलंच नाही. चित्रांत दिसतं ते नातेवाईक प्राण्यांवरून लावलेल्या अंदाजाने काढलेलं.

हे मी शाळांमध्ये सांगते आणि मग मुलांना चित्र काढायला लावते. गेल्या पावसाळ्यात भद्रावतीकडच्या एका शाळेत सहावीतल्या मुलीने लांब मान काढली, अंग काढलं, पाय काढले, आणि मानेच्या टोकाला थांबून मला विचारलं, "मॅडम, डोकं टिंबाटिंबांनी काढलं तर चालेल का?" चालेल म्हटलं. तिने टिंबाटिंबांचं डोकं काढलं, खाली तारीख घातली, आणि कंसात लिहिलं : सापडल्यावर भरायचं.