घडी मोडली नव्हती

आज दिवसभर प्रवास झाला, पाय भरून आले आहेत, तरी झोप येत नाही म्हणून वही घेऊन बसले आहे. पंधरा दिवसांपासून एक लुगडे माझ्या मनात सारखे उलटसुलट होते आहे. ते नीट लिहून काढल्याशिवाय मला त्याच्यावर सुई चालवता येणार नाही.

सप्तमीला दादांचे पान वाढून झाले आणि दुसऱ्याच दिवशी भाचा मोटारसायकलवर गाठोडे बांधून आला. "आत्या, आईनं लुगडी पाठवली. बाळाची गोधडी शिवून दे म्हनते," एवढे म्हणून, चहा घेऊन तो गेला. पितृपक्षात नवे काम धरायचे नाही ही माझ्या आईची शिस्त मी अजून पाळते. पण कापड पाहून ठेवायला काही हरकत नसते, म्हणून संध्याकाळी दिवा लावून गाठोडे सोडले. तीन लुगडी हवी तशीच निघाली. बसण्याच्या जागी विरलेली, पदराला हळदीचे पुसट डाग, आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला आपल्या काळ्या मातीचा तो करडा रंग, जो कितीही धुतला तरी निघत नाही. लहान बाळाच्या अंगाला असेच कापड लागते. वीस वर्षे नेसलेल्या सुती लुगड्याचा मऊपणा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

चौथे हिरवे होते. लाल करवतकाठी, सुती, आणि कोरे.

ते मी लगेच ओळखले. 2016 च्या वैशाखात, धाकटीच्या लग्नात, वहिनींना मानाचे म्हणून मीच ते दिले होते. नागपूरला इतवारीत जाऊन, चार दुकाने पालथी घालून घेतले होते, आणि ह्यांच्याकडे एक पैसा न मागता घेतले होते. एक मोठी गोधडी हाताने धावदोरा घालून पुरी करायला पंधरा-वीस दिवस लागतात आणि त्या लुगड्यात माझ्या चार गोधड्या गेल्या होत्या. त्याला फॉल लावलेला नव्हता. खळ तशीच कडक होती आणि दुकानदाराने चिकटवलेल्या चिठ्ठीचा डिंक एका कोपऱ्यात पिवळा पडला होता. घडी मोडली नव्हती.

त्या रात्री मला फार वाईट वाटले. लोक माझ्याकडे जुने तेवढे आणून देतात, त्याचे मला कधी काही वाटले नाही, तो माझा धंदाच आहे. पण मी हौसेने दिलेले नवेही त्याच जुन्याच्या गाठोड्यात परत यावे? रंग आवडला नसेल का? व्याह्यांकडून आलेले जास्त भारी होते म्हणून हे मागे पडले का? (लग्नात त्यावरून जे झाले ते इथे लिहीत नाही.) निदान एकदा, एखाद्या महालक्ष्म्यांना, मी घरात असताना तरी नेसायचे होते. घडी उलगडताना कडुनिंबाचा वाळका पाला मांडीवर पडला. तो मी रागाने अंगणात झटकून टाकला. तो पाला झटकल्याचे आता जितके वाईट वाटते, तितके दुसऱ्या कशाचेच वाटत नाही.

आमच्या गावात घटस्थापनेआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण वर्धा नदीवर नेऊन धुतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका, पोरे, गोधड्यांचे ढीग, भाकरी आणि ठेचा असे सगळे एकदम निघते. वर्षातून एवढीच एक सहल अशी असते की जिच्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. यंदा गेलो तेव्हा ऊन कोवळे होते आणि काठावर कास पांढरी फुलली होती. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते, आणि पिळताना दोघींनी उलट्या दिशेने फिरवायचे असते, हे नव्या सुनांना दरवर्षी शिकवावे लागते.

मी ते हिरवेही सोबत घेतले होते. कोरे कापड जुन्याबरोबर शिवले तर पहिल्या धुण्यात कोरे आटते, जुने आटत नाही, मग सगळी गोधडी चुरगळून गोळा होते आणि जुन्या कापडाला टाक्याटाक्यापाशी भोके पडतात. म्हणून कोऱ्याची खळ आधी काढायची आणि तीन पाण्यांतून काढल्याशिवाय त्याला सुई लावायची नाही. पाण्यात टाकले तसा रंग सुटला. माझ्या हातांभोवती हिरवे पाणी पसरत गेले आणि दगडापाशी घोटाळून मग प्रवाहात मिसळले.

शेजारच्या दगडावर आमची म्हातारी काकू मोगरीने सतरंजी धोपटत होती. तिने विचारले, "हे हिरवं कोनाचं व?"

"वहिनीचं."

काकूने मोगरी खाली ठेवली. "थे कायले नेसते आता हिरवं," असे हळूच म्हणाली आणि पुन्हा धोपटू लागली.

मला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? लग्न वैशाखात झाले आणि दादा त्याच आषाढात गेले. दरवर्षी सप्तमीला मी त्यांचे पान पाहते. तरी गाठोडे सोडल्यापासून नदीवर जाईपर्यंत, इतक्या दिवसांत, माझ्या डोक्यात फक्त माझ्या चार गोधड्यांचा हिशेब चालू होता. वहिनींना ते नेसायला वैशाखापासून आषाढापर्यंतचाच वेळ मिळाला होता, आणि ते दिवस पेरणीचे होते. पेरणीत कोणी करवतकाठी काढते का?

त्यांना हिरवे नेसू नका असे कोणी तोंडाने म्हटले नव्हते. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढले. आमच्याकडेही ते ग्रामसभेत वाचून दाखवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी फार बरे वाटले होते, ठराव चांगलाच आहे, मी आजही तेच म्हणेन. वहिनी माझ्या शेजारीच बसल्या होत्या, फिकट निळ्या लुगड्यात. कुंकू, बांगड्या, जोडवी यांची नावे कागदावर होती. पेटीच्या तळातले लुगडे वर काढायला मात्र कोणीतरी घरातल्यानेच हात धरून म्हणावे लागते, आणि ते मी म्हटले नाही. मला सुचलेच नाही.

नदीवरून परतताना ट्रॉलीत मला त्या पाल्याची आठवण झाली. तो वाळला होता, पण काळा पडलेला नव्हता, अजून हिरवट होता. म्हणजे तो याच वर्षी घातलेला होता. मग घडीच्या रेघा आठवल्या. एकाच घडीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कापडावर एकच रेघ असते आणि ती इतकी खोल जाते की कापड तिथेच फाटते. या लुगड्यावर मात्र आडव्या-उभ्या बऱ्याच रेघा होत्या, काही ठळक, काही मिटत आलेल्या. कोणीतरी ते दरवर्षी बाहेर काढत होते, वारा देत होते आणि घडी बदलून पुन्हा ठेवत होते. कापड वाचण्यावर माझे पोट चालते. रेघा मी पाहिल्या होत्या, पण वाचल्या नाहीत. आणि आता ते तीन पाण्यांतून काढल्यावर एकही रेघ उरलेली नाही. तीन होत्या की पाच, हे मी गेले आठ दिवस आठवून पाहते आहे. कधी वाटते चार नक्की होत्या. कधी वाटते, मलाच बरे वाटावे म्हणून मी त्या वाढवते आहे.

असेही असेल की त्यांना ते मुळात आवडलेच नव्हते. आज तसे मनात आले तेव्हा पहिल्यासारखे लागले नाही. आवडले नसले तरी त्यांनी ते नऊ-दहा वर्षे कसर लागू न देता सांभाळले, आणि नातवाच्या अंगावर घालायला काढले ते हेच. मी चार गोधड्या दिल्या, त्यांनी त्या इतकी वर्षे राखल्या. आमचा हिशेब फिटला म्हणायला हरकत नाही. दादा असते तर... जाऊ द्या.

काल काठ वेगळा काढावा म्हणून कात्री घेतली होती. एरवी काठ कापून मी गोधडीच्या कडेला लावते. करवतकाठी वेगळी असते. विणकर काठाचा धोटा आणि अंगाचा धोटा निराळा चालवतो आणि दोन्ही धागे एकमेकांत अडकवत जातो, त्यामुळे ते करवतीचे दात उमटतात. सरळ कापले तर अर्धे दात काठाबरोबर जातात आणि अर्धे लुगड्यात राहतात. कात्री लावून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली.

आज अष्टमी म्हणून वहिनींना घेऊन अमरावतीला अंबादेवीला जाऊन आले. 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाल्यामुळे आता निघायला फार विचार करावा लागत नाही. अंबादेवीचे दर्शन झाले, शेजारीच एकवीरेचे झाले. वहिनींनी ओटीचे ताट आणले होते, खण-नारळ, तांदूळ सगळे नीट मांडून. रांग गाभाऱ्यापाशी आली तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि बाजूला सरकल्या. मी ओटी भरली.

परतताना गाडीत खिडकीपाशी बसून त्या शेते पाहत होत्या. सोयाबीन निघाले आहे आणि कापसाची बोंडे कुठे कुठे फुटायला लागली आहेत. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारले, "थे हिरवं धुतलं का जी, बाई?"

"धुतलं."

"रंग गेला असन."

"पहिल्या पान्यात गेला थोडा. आता नाही जात."

"अन् काठ?"

"तसाच हाय अजून."

"तसाच राहू द्या जी," त्या म्हणाल्या. मग यंदा सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आधीची शेतातली पूजा, कधी करायची, वेचायला बाया मिळतील का, हे बोलणे गाव येईपर्यंत चालले.

घरी आल्यावर जेवणे आटोपून मी ते मोजले. लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, पंचेचाळीस इंच आहे. पन्ह्याएवढीच चौरस गोधडी केली तर दोन्ही बाजूंना काठ अखंड राहतो आणि कात्री फक्त आडवी दोनदा लावावी लागते. वर-खाली हिरवे, मध्ये त्यांची तीन जुनी. तरी सव्वातीन मीटर उरते, पदरासकट. त्याचे काय करायचे ते मी ठरवणार नाही, तसेच घडी करून त्यांच्याकडे पाठवीन. शेवटच्या कोपऱ्यात, आई ठेवायची तसा, भाकरीचा तुकडा ठेवून मगच गोधडीचे तोंड बंद करीन.

रिळांच्या डब्यात हिरवा दोरा सापडला नाही. लाल आहे, काठाशी लावून पाहिला, जुळतो. उद्या सकाळी लालच ओवते.