भिंतीवरची लव

इथल्या जुन्या हॉटेलांच्या भिंतींवर ती लाल, मऊ लव कसली, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लंडनला आमच्याकडे पुण्याहून, नाशिकहून कुणी आलं आणि आम्ही त्यांना एखाद्या जुन्या ‘इंडियन’ हॉटेलात जेवायला नेलं, की भिंतीवरून हात फिरवत हमखास विचारतात, ‘ही लाल मखमल चिकटवलीय का हो?’

मखमल नाही ती. कागद आहे, त्यावर लोकरीची लव. इथे त्याला फ्लॉक म्हणतात.

इंग्लंडात लोकरीचं कापड विणून झालं की त्याची लव वर काढायची आणि मोठ्या कात्रीनं एकसारखी कातरायची. त्या कातरणीतून जो बारीक भुसा पडे, तोच हा फ्लॉक. रंगवून, चाळून तो चिकटवायचा. 1634 मध्ये पहिल्या चार्ल्स राजानं जेरोम लॅनियर या लंडनच्या कारागिराला या कामाचं पेटंट दिलं, पण ते कापड-चामड्यावरच्या कामासाठी. कागदावर हे काम खरं बहरलं ते पुढच्या शतकात. 1735च्या सुमारास लंडनच्या व्हाइटहॉल भागात, प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाच्या कचेरीत आणि हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राणीच्या दिवाणखान्यात एकाच नक्षीचा किरमिजी फ्लॉक लागला होता. राजवाड्यात! म्हणून याला कुणी ‘नकली मखमल’ म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. खऱ्या लोकरी पडद्यांना कसर लागायची, याला लागत नसे, कारण खळीत टर्पेंटाइन असायचं.

करायची रीत मी एका कार्यशाळेत शिकले. आधी कागदाला सपाट रंग द्यायचा. मग लाकडी ठशानं नक्षी छापायची, पण रंगानं नव्हे, तेलाच्या, सावकाश वाळणाऱ्या चिकट खळीनं. नक्षी ओली असतानाच कागद एका लांबट पेटीत ठेवायचा. पेटीचा तळ चामड्याचा, डफासारखा ताणलेला. वरून चाळणीनं लोकरीची पूड भुरभुरायची आणि खालून काठ्यांनी तळ बडवायचा. पेटीत लाल धुकं उठतं, ते खाली बसतं, आणि खळीत रुतलेला तंतू न् तंतू ताठ होतो. थंडीत अंगावरची लव उभी राहते ना, अगदी तसं. बडवलं नाही तर तंतू आडवे पडतात आणि नक्षी मळकट दिसते. माझ्या पहिल्या कागदावर खळ लवकर वाळली आणि एका पानाची शीर टकली राहिली. जास्त उठाव हवा असेल, तर वाळल्यावर त्याच जागी पुन्हा खळ, पुन्हा लोकर. या कामात घाई चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात वेस्टमिन्स्टरचं नवं संसदभवन उभं राहिलं, तेव्हा पुगिन या वास्तुरचनाकारानं तिथल्या दालनांसाठी फ्लॉकच्या नक्षी काढल्या. पुढे नायलॉन-रेयॉनचे तंतू आले आणि काठीची जागा विजेनं घेतली. विजेच्या दाबाखाली तंतू आपोआप उभे राहून खळीत शिरतात. त्यामुळे फ्लॉक स्वस्त झाला आणि 1960-70च्या दशकांत भारतीय हॉटेलांच्या भिंतींवर आला. ‘भारतीय’ हे पाटीवर. मालक बहुतेक सिल्हेटचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. लोकांनी पुढे त्या भिंतींची पुष्कळ थट्टा केली. मला वाटतं, गिऱ्हाइकाला जेवायला बसल्यावर थाटात बसल्यासारखं वाटावं, एवढीच त्यांची इच्छा असणार, आणि या देशात थाटाचा रंग त्यांनी बरोबर ओळखला.

आमच्या जवळचं असंच एक हॉटेल बंद झालं, तेव्हा सामान काढताना मी आत जाऊन पाहिलं. तसबिरी काढल्या होत्या, त्यांच्यामागे लाल लव नव्यासारखी ताठ होती. खाली, खुर्च्यांच्या पाठी टेकतात त्या उंचीवर, भिंतभर एक टकला पट्टा गेला होता.