अलिबाग पायी पाहायचं तर आधी तिथी बघा

अलिबागला जाणारे बहुतेक जण बोटीच्या वेळा बघून निघतात, किनाऱ्यावर पोहोचतात आणि कुलाबा किल्ल्याभोवती छातीभर पाणी बघून परततात. हे गाव चालत पाहायचं असेल तर क्रम समुद्र ठरवतो. किल्ला कधी गाठता येईल ते आधी काढायचं आणि बाकीची ठिकाणं त्याच्या पुढे-मागे बसवायची.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायचीच, म्हणून निघण्याआधी मुंबईचं छापील भरतीचं वेळापत्रक ताडून घ्यावं.

पण नुसती वेळ जुळून भागत नाही. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती-ओहोटी, असतो. भांगाला भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आसपासच राहतो, त्यामुळे ओहोटीलाही वाटेवर पाणी उरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हाच फरक साडेतीन मीटरच्या वर जातो आणि पाणी खूप मागे हटतं, पण ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणून तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम. पाणी चांगलं ओसरतं आणि तेही सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. दुपार हवी असेल तर द्वादशी-त्रयोदशी, ओहोटी तीन-पावणेचारला. त्या दिवशी गाव सकाळी उरकायचं.

ओहोटीच्या तासभर आधी वाळूत उतरा. किल्ला वीसेक मिनिटांवर आहे. चपला काढून चालू नका; खडकांवर कालवांच्या कपऱ्या असतात, त्या तळवा चिरतात. मागे पट्टा असलेले सँडल बरे, बूट भिजले की जड होतात. ओहोटीनंतर एका तासाच्या आत परत फिरा. लोक फसतात ते इथे. भरतीच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं आणि 'अजून वेळ आहे' असं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र जवळजवळ निम्मी भरती येते. घोडागाड्या पाण्यातूनही जातात, तरी त्यांच्या भरवशावर आत रेंगाळू नये.

तटाशी पोहोचल्यावर लगेच आत शिरू नका, आधी दगड बघा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी निथळून परत जातं. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये हे काम सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हरून गेले. उत्तरेला लागून सर्जेकोट आहे, मधला दगडी बांध ओहोटीत स्पष्ट दिसतो. तोही बघावा, बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत.

आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. तिथे गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी असं पंचायतन आहे. जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना हा साठा होता म्हणूनच इथे शिबंदी राहू शकली. तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत, त्यांच्यापुढे फोटोसाठी रांग लागते. त्या आंग्र्यांच्या नाहीत. त्यांवर 1849 हे साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. कंपनी सरकारने आंग्र्यांचं संस्थान 1840 मध्येच खालसा केलं होतं.

किनाऱ्यावर परतलात की हिराकोट. 1720 मध्ये कान्होजींनी काळ्या दगडात बांधलेला हा कोट नंतर तुरुंग झाला. म्हणून बाहेरून, तळ्याच्या बाजूनेच पाहायचा आणि कॅमेरा पिशवीत ठेवायचा.

चुंबकीय वेधशाळाही परवानगीशिवाय आतून पाहता येत नाही, पण तिच्या कुंपणाजवळ थांबावंच. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेने नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून वेधशाळा 1904 मध्ये इथे आणली, इमारतीत लोखंड टाळून. दोन्हीकडे 1906 पर्यंत एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी आणि नवी मालिका जोडता आली.

शेवटी गावात शिरा. कान्होजींची समाधी शहरातच आहे. ते 1729 मध्ये वारले. तिथून इस्रायल आळी. मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1848 चं, 1910 मध्ये नव्याने बांधलेलं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावकर, पेणकर, किल्लेकर ही त्यांची आडनावं, बोली मराठी, आणि मलिदा या त्यांच्या नैवेद्यात पोहे, गूळ, खोबरं. गावाचं नावही अली नावाच्या अशाच एका बागायतदाराच्या बागांवरून पडलं असं सांगतात. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, असतो. तेव्हा फोटो किंवा चौकशीसाठी दार वाजवू नये. इतर वेळी आत जाण्याआधी विचारावं आणि डोकं झाकावं.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लहान बोटी बंद असतात आणि किल्ल्याची वाट धरूच नये. तेव्हा पेणमार्गे एसटीने येऊन फक्त गाव आणि हिराकोटचं तळं करावं.