तुम्ही विचारलंत म्हणून: घरी बसून शिवता येतं, मग गिल्ड कशाला?

मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, भारतात गेले की तिथेही. "गोधड्या शिवतेस, छानच आहे. मशीन घरात, कापड घरात. मग दर महिन्याला गाडी काढून त्या बायकांच्या मीटिंगला कशाला जातेस? वर वर्गणीही भरतेस!" विचारणाऱ्यांच्या मनात असतं की शिवणकाम हे एकटीनं खिडकीशी बसून करायचं काम. मला ते तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे प्रसादाची वाटी हातात धरून दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी गिल्ड म्हणजे काय ते सांगते. क्विल्ट, म्हणजे अमेरिकन गोधडी, शिवणाऱ्यांचं मंडळ, एवढाच त्याचा अर्थ. ओहायोतल्या आमच्या गावात ते एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरतं. चर्चशी आमचा संबंध भाड्यापुरता. हॉल मोठा आहे, लांब टेबलं भरपूर आहेत. अध्यक्ष, खजिनदार, कार्यक्रम ठरवणारी समिती, जमाखर्चाचं वाचन, सगळं रीतसर. अशी गिल्डं अमेरिकेत गावोगाव आहेत. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या क्विल्ट्स चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. 1976 मध्ये देशाला दोनशे वर्षं झाली तेव्हा घरोघरच्या पेट्यांमधून आज्यांच्या क्विल्ट्स बाहेर निघाल्या, नव्या शिवल्या गेल्या, आणि त्याच भरात बायका एकत्र येऊ लागल्या. आमचं गिल्डही त्याच लाटेतलं. ओहायोला तर याचा विशेष अभिमान. होम्स काउंटीतल्या आमिश, म्हणजे जुन्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या, बायकांच्या साध्या, एकरंगी कापडांच्या क्विल्ट्स बघायला लोक लांबून येतात. 2001 मध्ये अ‍ॅडम्स काउंटीत डॉना सू ग्रोव्हज यांनी क्विल्ट शिवणाऱ्या आपल्या आईच्या मानाखातर 'ओहायो स्टार' ही क्विल्टची नक्षी बार्नवर, म्हणजे शेतावरच्या कोठारावर, रंगवून घ्यायची चळवळ सुरू केली. आज असे रंगवलेले बार्न अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत दिसतात.

आता मूळ प्रश्न. क्विल्टचे थर तीन. वर तुकडे जोडून केलेला टॉप, मध्ये बॅटिंग म्हणजे कापसाचा पातळ थर, खाली अस्तर. टॉप एकटीनं होतो. पण हे तीन थर एकमेकांवर बिनसुरकुतीचे अंथरून टाचायचे, हे काम दोन हातांचं नाहीच. डबल बेडची क्विल्ट नव्वद-शंभर इंचांची. घरी ती जमिनीवर पसरून एकटीनं टाचायची तर आख्खी दुपार जाते, गुडघ्यांची वाट लागते, आणि अस्तराला कुठे चुणी पडली तर ती मशीन मारून झाल्यावरच दिसते. गिल्डच्या शिवणदिवशी आम्ही चार टेबलं जोडतो. अस्तर उलटं पसरून कडा टेपनं ताणून चिकटवतो. त्यावर बॅटिंग, तळहातांनी मधून बाहेर सपाट करत. मग टॉप. चौघी चार बाजूंनी उभ्या राहून मुठीएवढ्या अंतरावर वाकड्या सेफ्टी पिना टोचत जातो. गप्पा थांबत नाहीत आणि काम तासाभरात उरकतं.

मला यात नवल वाटलं नाही, कारण मी हे आधी पाहिलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सुगी संपली, ऊन तापायला लागलं, की आजी वाकळा शिवायला काढायची. सारवलेल्या अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर आजोबांच्या धोतराचे थर, वर पुन्हा लुगडं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड. शेजारच्या काकू, वरच्या आळीतली मावशी, कुणाची नवी सून, सगळ्या आपापली सुई घेऊन यायच्या आणि एकेक बाजू धरून बसायच्या. आज आजीची, उद्या काकूंची. एकटीनं वाकळ शिवणारी बाई आमच्या गावात मी पाहिलेली नाही. घरी एकटीनं शिवणं ही फ्लॅटमध्ये राहायला लागल्यापासूनची गोष्ट आहे, आणि आपण ती मूळची समजून चाललो आहोत.

गिल्डमध्ये शिकायला किती मिळतं, हे वेगळं सांगायला हवं. क्विल्टची शिवण पाव इंचाची. तुकडा तीन इंचांचा असो की दहा, शिवण पाव इंच. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण त्याची किंमत मला आमच्या एका सदस्येनं पटवून दिली. ती निवृत्त गणिताची शिक्षिका. तिनं फळ्यावर मांडलं: एका ओळीत दहा तुकडे, म्हणजे शिवणी नऊ. प्रत्येक शिवण फक्त एक सोळांश इंचानं जाड गेली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक अष्टमांश इंच खाल्लं जातं. नऊ शिवणींचं मिळून ओळ इंचाहून जास्त आखूड. पुढची ओळ बरोबर शिवलेली असेल तर दोन्ही जुळणार कशा? त्यानंतर आम्ही सगळ्यांनी कापडाच्या पट्ट्या कापून आपापली मशीनं तपासली, सुईपासून पाव इंचावर टेप चिकटवला. अशी शिकवणी मला कोणत्याही व्हिडिओत मिळालेली नाही, कारण व्हिडिओ माझी शिवण बघत नाही.

आणि देणंही होतं. कार्यक्रम समितीनं मला एकदा आपली गोधडी दाखवायला सांगितली. मी आईच्या जुन्या सुती साड्या घेऊन गेले. साडी आधी उजेडासमोर धरून बघायची, कुठे विरली आहे ते लगेच कळतं. काठ सहसा धडधाकट असतात, बसण्याचा भाग आधी जातो. विरलेलं आतल्या थरांना, धड ते वर. इथपर्यंत सगळ्या माना डोलवत होत्या. मग प्रश्न सुरू झाले. बॅटिंग कुठे आहे? नाही, जुन्या कापडाचे थर हेच बॅटिंग. रेघा कशानं आखता? आखत नाही. पहिली ओळ कडेच्या बाजूनं जाते, दुसरी पहिलीच्या बाजूनं, मध्ये अंतर बोटाचं.

पण खरी खळबळ उडाली ती मी कडेकडून आत जायला लागल्यावर. अमेरिकन क्विल्टिंगचा पहिला धडा याच्या नेमका उलट आहे: मधून सुरू करा आणि बाहेर या, म्हणजे कापडाचा झोळ कडेला ढकलला जातो. कडेकडून आत गेलं तर सगळा झोळ मध्ये गोळा होईल, हा त्यांचा आक्षेप तर्काला धरून होता. मी त्यांना थर दाखवले. गोधडीला आधीच लांब लांब टाके घालून सगळे थर पक्के धरलेले असतात, त्यामुळे झोळ पळत नाही. शिवाय धावदोरा प्रत्येक टाक्याला कापड किंचित आवळतो, आणि तेवढा झोळ त्या बारीक लाटांमध्ये जिरून जातो. गोधडीवरून हात फिरवला की जो खडबडीत मऊपणा लागतो तो त्या लाटांचा. मी हात फिरवायला दिला. एकेकीनं डोळे मिटून हात फिरवला, आणि मग दोघी-तिघींनी सुई मागून घेतली.

त्यातल्या एकीनं विचारलं, "हे कवंदीसारखं आहे का?" कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंद्या इथल्या क्विल्टकरणींमध्ये आता माहितीच्या झाल्या आहेत, त्यांच्या कार्यशाळा होतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या या लेकी जंगलपट्ट्यात राहतात आणि जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. त्यांचीही सुरुवात कडेला, कोपऱ्यावरून, आणि मग गोल गोल आत. कोपऱ्यांना घड्या घातलेली तिकोनी 'फुलं' लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. हा जिल्हा आमच्या सातार्‍याहून एका दिवसाच्या प्रवासावर, आणि मी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते ओहायोत.

पण माझं खरं उत्तर पुढे आहे.

आमची एक ज्येष्ठ सदस्य गेली. काही महिन्यांनी तिचा नवरा खोके घेऊन हॉलवर आला. त्यात एक षटकोनांचा टॉप होता, अर्ध्याहून जास्त झालेला. हे काम असं असतं: कागदाचे षटकोन कापायचे, प्रत्येकावर कापड दुमडून टाचायचं, मग कडा कडेला लावून बारीक टाक्यांनी जोडायच्या, आणि सहाही बाजूंनी जोडून झाला की त्या षटकोनाचा कागद काढून घ्यायचा. मध्ये एक पिवळा, भोवती सहा, त्याभोवती बारा. 'आजीची बाग' म्हणतात या नक्षीला. कडेच्या तुकड्यांमधले कागद अजून आतच होते. तिनं ते जुन्या पत्रांचे, किराणा याद्यांचे, कॅलेंडरचे कापले होते. तिच्या अक्षरातलं अर्धं वाक्य, 'लोणी' आणि 'दोन डझन', एका षटकोनावर डॉक्टरच्या वेळेची नोंद.

तो म्हणाला, नातीसाठी शिवत होती.

आम्ही ते पुरं करायला घेतलं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की तिचे टाके उलटीकडे कलतात. ती डावखुरी होती. उजव्या हातानं जोडलेला भाग शेजारी आला की दिसतो. लोकांना नाही, पण शिवणाऱ्या माणसाला दिसतो. गिल्डमध्ये आणखी एक डावखुरी आहे. तिनं स्वतःचं हातातलं काम बाजूला ठेवून उरलेले सगळे षटकोन एकटीनं जोडले. बाकीच्यांनी कागद कापले, कापडं टाचली, टॉप झाल्यावर तो अंथरला, टाचला, हातानं क्विल्ट केला, कडेला पट्टी लावली. मागे चिठ्ठी शिवली, तिच्यावर दोन्ही नावं घातली: जिनं सुरुवात केली तिचं आणि आमच्या गिल्डचं. कागद सगळे एका पाकिटात घालून नातीला क्विल्टबरोबर दिले.

प्रत्येक शिवणाऱ्या बाईच्या कपाटात अर्धवट कामं असतात. ती तिच्यामागे चिंध्या म्हणून बाहेर जातात, कारण घरच्यांना ती काय आहेत हे कळत नाही. त्यांचा काही दोष नाही. अर्धा टॉप बघून त्यातली पुरी क्विल्ट दिसायला ते काम हाताला माहीत असावं लागतं. माझा मुलगा प्रेमळ आहे, पण माझ्या खोक्यात काय आहे हे त्याला सांगता येणार नाही. गिल्डमधल्या निदान पाच जणींना येईल. या एका गोष्टीसाठी मी आयुष्यभर वर्गणी भरेन.

बाकीचं थोडक्यात. "विकत का नाहीस" असंही विचारता. चांगल्या सुती कापडाचा वार इथे बारा-चौदा डॉलरला पडतो, मोठ्या क्विल्टला अस्तरच आठ-नऊ वार लागतं, बॅटिंग वेगळं. मजुरी धरली तर दुकानातल्या रजईशेजारी तो आकडा कुणाला पटणार नाही, आणि मजुरी न धरता विकणं हा हातानं काम करणाऱ्या सगळ्यांवर अन्याय आहे. त्यापेक्षा द्यावी. आमचं गिल्ड जवळच्या इस्पितळाला नवजात बाळांच्या इनक्युबेटरवर घालायची पांघरुणं देतं. त्यांना आतून गडद कापड लावायचं, बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. वरून मात्र हवं तेवढं रंगीत, ते आईबापांसाठी. दोन वर्षांतून एकदा प्रदर्शन भरतं, तेव्हा पांढरे हातमोजे घातलेल्या सदस्या दालनात फिरत असतात. कुणाला क्विल्टची मागची बाजू बघायची असेल तर त्या उलटून दाखवतात, कारण बघ्यांच्या हातांचं तेल कापडाला लागता कामा नये. मला ती पाळी सगळ्यात आवडते. मागची बाजू बघायला मागणारं माणूस स्वतः शिवतं, हे ओळखायला वेळ लागत नाही, आणि पुढच्या मीटिंगला ते बहुधा येतं.

जे भारतात आहेत त्यांना गिल्ड हवंच असं नाही. सोसायटीच्या हॉलमधली दोन टेबलं, तीन-चार जणी आणि महिन्यातला ठरलेला एक दिवस पुरे आहे. दिवस ठरलेला मात्र हवा. "जमेल तसं भेटू" म्हटलं की कुणीच भेटत नाही. आणि जे आमच्या गावाजवळ राहतात त्यांनी सरळ यावं. पाहुणीला पहिल्या मीटिंगची वर्गणी नसते, सुई-दोरा मी देईन. कपाटात आईची, आजीची, कुणाचीही अर्धवट राहिलेली गोधडी असेल तर तेवढी घेऊन या.