आमची वाटचाल: चाप, व्हॉल्व्ह आणि आम्ही

आमचं काम पेंटबॉलच्या मार्करचं, म्हणजे हवेच्या दाबावर रंगाची गोळी मारणाऱ्या बंदुकीचं. गिऱ्हाईक येतं ते 'चाप जलद करून द्या' म्हणत. आम्ही मात्र चापाला सगळ्यात शेवटी हात लावतो. ऑटोकॉकर (प्रत्येक गोळीनंतर हवेच्याच जोरावर स्वतः कॉक होणारा, म्हणजे पुढच्या गोळीला तयार होणारा मार्कर) ज्यांनी उघडलाय त्यांना कारण सांगायला नको, पण आमच्या धंद्यातलं सगळं महाभारत त्या कारणावरूनच झालं, म्हणून सांगतो.

व्हॉल्व्हमधून हवा अडखळत जात असेल, तर तो पुरेसा उघडायला हॅमर जोरात आपटावा लागतो. त्यासाठी हॅमरला ढकलणारी मेन स्प्रिंग कडक हवी. स्प्रिंग कडक झाली की सिअरवर, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या खटक्यावर ताण, म्हणून चाप जड. आणि तीच स्प्रिंग मागे रेटायला रॅमला, म्हणजे हवेवर चालणाऱ्या दट्ट्याला दाबही जास्त. हवेची वाट मोकळी केली की हलक्या स्प्रिंगवर तोच वेग मिळतो. रॅमचा दाब ठरवणारा लो प्रेशर रेग्युलेटर खाली उतरवता येतो, गोळी नळीत ढकलणारा बोल्ट सौम्य पुढे येतो, गोळी चिरडत नाही. मग थ्री-वे (रॅमकडे हवा वळवणारा छोटा व्हॉल्व्ह) आणि त्याला चापाशी जोडणारा टायमिंग रॉड जुळवून चापाची ओढ कमी करायची. ती सुद्धा किती? हॅमर सिअरवर पक्का बसण्याआधीच चाप सुटला तर मार्कर अर्धवट कॉक होतो आणि खेळणारा आमच्या नावानं खडे फोडतो.

सुरुवात केली तेव्हा लेथ भागीदाराचा आणि नाद माझा. लेथवर काम पकडणाऱ्या चकचे जबडे व्हॉल्व्हच्या पितळी बॉडीवर वळ उठवतात, म्हणून त्यानं आट्यांचा एक धारक स्वतः वळून घेतला. बॉडी त्यावर फिरवून बसवायची. डायल लावला की काटा जागचा हलायचा नाही. पोर्ट, म्हणजे हवा जायची भोकं, रुंद करायची, स्टेमची (व्हॉल्व्हच्या आतल्या दांडीची) मान थोडी बारीक करायची, आणि मग खरं काम: आतली बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कुसं, काढणं. सुईसारखी गोल कानस, डोळ्याला भिंग, आणि सीटवर नायलॉनचं बूच. सीट म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर बंद होतो ती केसाएवढी कड. तिच्यावर एक ओरखडा आला की नळीतून हवा फुसफुसत राहते. नवी कप सील घाला, वाटेल ती ओ-रिंग घाला, ती फुसफुस जात नाही. प्रत्येक पक्क्या बॉडीच्या मागच्या कडेला आम्ही पंचनं एक बारीक ठिपका मारायचो. तीच आमची सही.

आमचं काम बघूनच दुसऱ्या एकानं दुकान टाकलं. त्याची रीत सोपी होती: मेन स्प्रिंगचे वेढे कापायचे, पोर्टमध्ये हाताला येईल ते ड्रिल घालायचं. चाप लगेच लोण्यासारखा, गिऱ्हाईक खूश. मग वेग पडतो, म्हणून आतला दाब चढवायचा. दाब चढला की व्हॉल्व्ह उघडायला आणखी जड! त्यातून एका गोळीचा वेग सेकंदाला 240 फूट, पुढचीचा 300 च्या वर. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) नीट बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण बघतो कोण? वर त्या व्हॉल्व्हवर आमच्यासारखाच ठिपका दिसायला लागला. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणत नाही.

मैदानवाल्यांना वेगाची धास्ती, ती रास्तच. 300 फूट प्रतिसेकंद ही सर्रास पाळली जाणारी मर्यादा, आणि बरीच मैदानं 280 च्या पुढं जाऊ देत नाहीत. त्यांनी सरसकट ठरवलं की ठिपक्याचा मार्कर आत नाही. आमची माणसं दारातून परत. त्यातच इलेक्ट्रॉनिक मार्कर आले. बोटानं नुसता स्पर्श केला की विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, पुढचं बघतो. भागीदार कंटाळून बाजूला झाला. लेथ विकायचा म्हणून मी त्यावरचं तेल पुसूनही ठेवलं होतं. (मोठ्या स्पर्धांनी पुढं त्यांच्या भराभर मारण्याला लगाम घालत सेकंदाला 15 वरून 10.2 गोळ्यांवर आणलं. आम्हाला कोणी विचारलं नाही.)

वाचवलं एका म्हाताऱ्या रेफरीनं. त्यांच्या मार्करचा रंग हाताच्या जागी पार पांढरा पडलेला, चापाची मूळ पट्टी बदलू द्यायचे नाहीत. 'दादा, व्हॉल्व्ह करा, पट्टीला हात लावायचा नाही.' त्यांनी आमची बॉडी आणि त्या दुकानाची बॉडी एकाच मार्करमध्ये आलटून पालटून घातली आणि मैदानवाल्यांसमोर क्रोनोवर चालवली. एकेक गोळी सावकाश मारून नव्हे, भराभर. कारण हवा मागून वेळेवर भरत नसेल तर वेग पडतो तो तेव्हाच. आमचे आकडे पाच-सात फुटांत राहिले. दुसऱ्याचे कुठच्या कुठे. मैदानानं ठिपका बघणं सोडलं आणि प्रत्येक मार्कर क्रोनोवर घ्यायला सुरुवात केली. आधीच तसं करायला हवं होतं, पण असो.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी, विचारलं नसलं तरी. गॉगल आधी, पाना नंतर. टाकी काढल्यावरही आत हवा उरते. ती सोडल्याशिवाय एक स्क्रूही ढिला करू नका. टाकीच्या स्वतःच्या व्हॉल्व्हला आणि रेग्युलेटरला हात लावायचा नाही, तो आपला प्रांत नव्हे. टाकीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वापरत असाल तर आधी दाबलेल्या हवेवर या. द्रवरूप गॅस थ्री-वेत शिरला की ओ-रिंगा गारठून कडक होतात आणि तुम्ही टायमिंगला दोष देत बसता. व्हॉल्व्ह मोकळा झाला की जुन्या स्प्रिंगवर वेग चढतो, म्हणून खेळण्याआधी क्रोनो. स्प्रिंग बदला, कापू नका.

त्या दुकानाचं शटर कधीच पडलं, तरी त्यानं बिघडवलेले व्हॉल्व्ह अजून आमच्याकडे येतात, ठिपक्यासकट. पोर्ट वेडेवाकडे असतील आणि सीट शाबूत असेल, तर करून देतो. सीट गेली असेल तर नवी बॉडी घेऊन या. आणि येताना मूळ मेन स्प्रिंग आणा, कापलेली नको.