हजार रुपये, एक भाचा आणि कोल्हापुरातल्या छोट्या गाड्या

गडहिंग्लजहून सातची एसटी पकडून मी आणि पाचवीतला भाचा नऊच्या सुमारास कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलो. त्याचं अर्धं तिकीट, दोघांची मिसळ आणि परतीचं भाडं वेगळं काढून डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या खेळण्यातल्या, गाड्यांसाठी बरोबर हजार रुपये खिशात ठेवले होते. मोबाईलवरून पैसे द्यायचे नाहीत असंही ठरलं होतं. ज्यांना हा नाद आहे त्यांना त्याचं कारण सांगायला नको.

दुकानं साडेदहाशिवाय नीट उघडत नाहीत, म्हणून आधी मिसळ खाऊन घ्या. पण तोंड लाल असताना निर्णय घेऊ नका. आम्ही आमचा नियम एसटीतच ठरवला होता: खरीखुरी, रस्त्यावर धावताना पाहिलेली गाडीच घ्यायची. हॉट व्हील्स ह्या ब्रँडची साधी मालिकाच वर्षाला साधारण अडीचशे मॉडेलांची असते. राजारामपुरीतल्या दुकानात त्या हुकांच्या भिंतीसमोर नियमाशिवाय उभं राहिलात तर संपलात.

भिंतीसमोर भाच्याचा पहिला हात डायनासोरच्या तोंडाच्या गाडीकडे गेला.

"हे रस्त्यावर कुठं बघितलंस?"

"टीव्हीवर बघितलंय की मामा, पळताना!"

वाद घालत बसलो नाही. एक सूट द्यायची असं ठरलं आणि ती तिथंच खर्ची पडली. त्याच भिंतीवर फोक्सवॅगन बीटल सापडली. आमच्या लहानपणी गावातल्या डॉक्टरांची होती, त्यामुळे ती नियमात बसली. प्रत्येकी १७९ रुपये. शेजारी मॅचबॉक्सची सुझुकी जिम्नी होती, तीही तेवढ्यालाच. माझ्या मते कमी पैशात खऱ्या गाड्या हव्या असतील तर आधी मॅचबॉक्स चाळावी. तिच्यात रोजच्या रस्त्यावरच्या गाड्या जास्त असतात आणि गर्दीचं लक्ष हॉट व्हील्सकडे असतं.

आकाराचंही आधीच ठरवा. १:६४ म्हणजे साडेचार मीटरची गाडी सात सेंटीमीटरची होते. १:४३ मध्ये ती साडेदहाची आणि १:१८ मध्ये पंचवीसची. पंचवीसच्या चार घेतल्या की शोकेसचा कप्पा भरला आणि घरात बोलणी सुरू. एक गोम मात्र आहे. हॉट व्हील्सवाले काटेकोर प्रमाण पाळत नाहीत, गाडी पुठ्ठ्यात मावेल अशी करतात. ट्रक आणि छोटी कार शेजारी ठेवली तर दोघी जवळपास एकाच लांबीच्या दिसतात. मॅजोरेट ही मूळची फ्रेंच कंपनी गाडीच्या पोटावर प्रमाण छापते, त्यामुळे जोड्या जमवायला बरं पडतं.

तिथून रिक्षानं उद्यमनगर. माझा आत्तेभाऊ तिथं मशीन शॉपमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यानं बीटलचं पाकीट फोडायला लावलं, भाच्याला भलताच आनंद. "आमच्याकडं वाळूच्या साच्यात बीड ओततात. हे तसलं न्हाई, हे पोलादी साच्यात दाबून घातलेलं जस्ताचं मिश्रण," असं म्हणत त्यानं अंगठ्याचं नख बंपरवरून हळूच फिरवलं. साच्याचे दोन भाग मिळतात तिथली रेघ नखाला लागली. "एवढी चालती. इथं पापुद्रा वर आला असता तर साचा झिजलेला." मग गाडी टेबलावर ठेवून डोळा टेबलाच्या कडेला लावला. चारही चाकं टेकलीत का, आस वाकलाय का, एवढंच बघितलं. पाकीट न फोडताही हे बरंचसं दिसतं: प्लॅस्टिकमधून हेडलाईटची छपाई डावी-उजवी सारखी आहे का बघा, आणि चाकं तिरकी नाहीत ना ते.

पोटावरचं साल वाचून "जुनी गाडी" म्हणून जास्त पैसे देऊ नका. ते साल बहुतेकदा त्या साच्याच्या आराखड्याचं असतं, ही गाडी कधी बनली त्याचं नव्हे.

दुपारी दुसऱ्या एका दुकानात (नाव घेत नाही) आमची चांगलीच जिरली. रबरी टायरांची एक देखणी गाडी, किंमत ६५०. भाच्यानं कोपरा खरवडला तर दुकानाच्या चिकटपट्टीखाली छापील किंमत त्याहून कमी. छापील किमतीच्या वर पैसे घेता येत नाहीत, असं मी म्हटल्यावर मालक म्हणाले, "मग ठेवा परत." ठेवली. चिकटपट्टी दिसली की नख लावून बघा, लाजू नका.

ट्रेझर हंटच्या, म्हणजे हॉट व्हील्सच्या मोजक्याच निघणाऱ्या खास गाड्यांच्या, मागंही लागू नका. आग असलेलं गोल चिन्ह पुठ्ठ्यावर शोधत तासभर घालवणारे दोघं तिथं होते. दोघंही रिकाम्या हातानं गेले. खोका उघडला की अशा गाड्या आधीच कुणीतरी उचललेल्या असतात.

मॅजोरेटची डिफेंडर २९९ला घेतली. तिला सस्पेन्शन आहे, बोटानं दाबली की खाली बसते आणि परत वर येते. उरलेल्या १६४ रुपयांत महाद्वार रोडला एक प्लॅस्टिकची, मागं ओढून सोडायची ॲम्बेसेडर, १५० ला. डायकास्टवाले नाक मुरडतील, पण ह्या नियमाला तिच्याइतकी खरी गाडी दुसरी नव्हती. रविवारी संध्याकाळी मात्र महाद्वारला जाऊ नका, अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत मूल आणि पिशवी दोन्ही सांभाळणं कठीण.

पाकीटं जपून ठेवायची असतील तर पावसाळ्यात आमच्याकडं पुठ्ठा वाकतो, हवाबंद डब्यात ठेवा. आम्ही फोडणारे आहोत. परतीच्या एसटीत कागल यायच्या आत जिम्नी खिडकीच्या पट्टीवरून धावायला लागली आणि निसटून कंडक्टरच्या पायाशी गेली. त्यांनी उचलली, उलटी करून पोटावरचं "थायलंड" वाचलं, चाकं फिरवून बघितली.

"ह्यात आपली एसटी न्हाई व्हय?"

भाचा माझ्याकडं बघायला लागला. खिशात चौदा रुपये होते.