सतरंजी कोणत्या दिशेने?

आमचं बिछायत केंद्र आहे. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: गाद्या, सतरंज्या, खुर्च्या, मोठाले गंज (स्वयंपाकाची पातेली) भाड्याने देणारं दुकान. लग्नसराई ओसरली की आमची गिऱ्हाइकं म्हणजे देवळं, मशिदी, चर्च, गुरुद्वारे.

बारावीच्या सुट्टीत ईदच्या नमाजासाठी एका मैदानावर रात्री सतरंज्या टाकायला गेलो. कंपाउंडच्या भिंतीला धरून पट्ट्या अशा सरळ टाकल्या की मीच माझ्यावर खूश. पहाटे मौलाना आले, खिशातून होकायंत्र काढलं. "बेटा, दीवार से क्या लेना? किबला देखो." किबला म्हणजे नमाजात तोंड करायची ती मक्केची दिशा. सगळ्या पट्ट्या उचलून पुन्हा तिरप्या टाकल्या. मक्का आणि नागपूर दोन्ही साधारण 21 अक्षांशावर, म्हणजे तोंड नाकासमोर पश्चिमेला, असं मला वाटे. पण पृथ्वी गोल, सर्वांत जवळची वाट उत्तरेकडून वळून जाते, म्हणून इथून किबला पश्चिमेच्या सात-आठ अंश उत्तरेला येतो. हे पुढे कळलं. त्या पहाटे फक्त कंबर कळली.

चर्चमध्ये नाताळला खुर्च्याच लागतात, आणि मधली वाट मोकळी सोडायची. गुरुद्वाऱ्यात लंगरची पंगत लांब पट्ट्यांवर. तिथे बाबांनी एकदा एका पाहुण्यासाठी प्रेमाने जाड गादी टाकली. सेवादाराने हसत उचलून परत दिली. सगळे एकाच पातळीवर बसणार. गादीचा मान एकट्या गुरू ग्रंथ साहिबाला. डोक्यावर बांधायला रुमाल तेव्हापासून गाडीच्या डिक्कीत असतो. ताजबागला, म्हणजे ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात, उर्साच्या दिवसांत मात्र कोण कुठला हे विचारायची सोयच नाही. ताजुद्दीनबाबा 1925 साली गेले, तरी माझी आजी (पक्की वारकरी!) गुरुवार चुकवत नसे.

पण मला सगळ्यात आवडते ती दीक्षाभूमी. सांचीचा मोठा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून फेरी घालायची, आत जायला काही नाहीच. आपला स्तूप घडणीत सांचीसारखा, पण आतून पोकळ. वास्तुविशारद शेवदान मल यांनी आत सभागृहच ठेवलं. दारातून माणूस आत येतो, वर बघतो आणि दोन मिनिटं गप्प उभा राहतो. मी दरवर्षी बघतो, माल मोजायचा सोडून. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे उघडं मैदान होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रात्री बाहेर अजून तसंच असतं: डोक्याखाली पिशवी, उशाशी पुस्तकांचा गठ्ठा, आणि माणसं.

मागच्या वर्षी परभणीकडची एक म्हातारी मुक्कामाला होती. मी म्हटलं, "आजी, सतरंजी टाकून देतो, थांबा."

"ऱ्हाऊ दे लेकरा. माझा बाप छप्पन साली हितंच मातीत निजला व्हता." तिने लुगड्याचा पदर झटकला आणि आडवी झाली. शेजारच्या चार जणींनीही आमच्या सतरंज्या घडी करून नीट बाजूला ठेवल्या.

परत आलेल्या त्या कोऱ्या घड्यांचं भाडं बिलात लावायचं की नाही, यावरून बाबांचं आणि माझं अजून वाजतं.